वाटीभर मागणं

८ जानेवारी

खोडलं. पुन्हा 'छोटासा म्हातारा' लिहिलं, पुन्हा खोडलं. म्हातारा छोटासा कसा असेल? 'म्हातारबुवा' लिहिलं, तर तो विनोदी माणूस झाला. 'बिचारा म्हातारा' लिहिलं, तर त्याची कीव आली, आणि तो कीव करण्यासारखा नाही. शेवटी नुसतं 'म्हातारा' ठेवलं. वाक्य आता नीट उभं आहे, पण त्यात जीव नाही.

मूळ शब्द सामोअन आहे. 'सि'. नामाच्या आधी येतो. इंग्रजी मसुद्यात सगळीकडे 'लिटल' केलं आहे. पुण्याच्या प्रकाशकाला समुद्रातल्या बेटांवरच्या मुलांच्या गोष्टी मराठीत हव्या आहेत, त्यातली ही एक. लिहिणाऱ्या मालियाबाई आपिया शहरातल्या निवृत्त शिक्षिका. मला सामोअन येत नाही. एक व्याकरण, एक कोश आणि अधूनमधून मालियाबाईंशी फोन, एवढ्यावर काम चाललं आहे.

मी लिहीत असते तेव्हा जनी खिडकीशी बसते आणि विमानं बघते. नवा विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या करंजाडेवरून ती इतकी खालून जातात की पोटं दिसतात. जनी सात वर्षांची आहे. आमच्याकडे येऊन महिना होईल.

ती काही मागत नाही. "पाणी हवं?" विचारलं तर पिते. नाही विचारलं तर पीत नाही. वाढलेलं सगळं संपवते. आवडलं की नाही ते कळायला मार्ग नाही. आज म्हटलं, "ए पिटुकले, इकडे ये." तिने मागे वळून पाहिलं, मी कोणाला हाक मारली ते बघायला.

१० जानेवारी

संस्थेच्या संजना मॅडम येऊन गेल्या. जनी अजून कायद्याने आमची नाही. या महिन्याच्या शेवटी त्या अहवाल देतील, मग दत्तकाचा आदेश निघेल किंवा निघणार नाही. मूल इतकं मोठं असलं की त्यालाही विचारतात. तिने नको म्हटलं तर नको.

आज त्यांनी सहजच विचारून पाहिलं. "जनी, इथं बरं वाटतं का?"

"म्हाईत नाय."

"राहायला आवडेल?"

"म्हाईत नाय."

संजना मॅडमनी आम्हाला समजावलं, घाई नको, मुलं वेळ घेतात. त्या गेल्यावर माझा नवरा, विश्वजीत, म्हणाला, "एवढे इंटरव्ह्यू दिले आयुष्यात, पण समोर इतका गंभीर माणूस कधी नव्हता."

मी हसले नाही. सात वर्षं थांबून हे मूल आमच्याकडे आलं आहे. विश्वजीतही खरं तर हसत नव्हता.

संध्याकाळी पनवेलच्या भांड्यांच्या दुकानात गेलो. तिची संस्थेतली ताटवाटी पोचे पडलेली होती, ती तिथेच ठेवून आलो होतो. नवी घेतली आणि दुकानदाराकडून तिच्यावर नाव कोरून घेतलं. घरातल्या प्रत्येक भांड्यावर माझ्या सासूबाईंचं नाव आहे. आता एका ताटावर आणि एका वाटीवर 'जनी' आहे. तिने वाटी उलटी केली, अक्षरांवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आवडली.

१३ जानेवारी

मालियाबाईंचा फोन. तिकडे संध्याकाळ होती, मागे कोंबड्या ओरडत होत्या.

मी म्हणाले, "'सि' म्हणजे लहान, हे मराठीत बसत नाही."

"लहान म्हणून कोणी सांगितलं?"

"व्याकरणात लघुत्वदर्शक लिहिलंय."

"व्याकरण लिहिणाऱ्याने माझा मुलगा बघितला नसेल. बोटीवर मेकॅनिक आहे. दारातून सरळ आत येत नाही, आडवा होऊन येतो. त्याला मी 'सि आउ तामा' म्हणते. माझं लेकरू. तो लहान आहे?"

"मग हा शब्द काय मोजतो?"

"मोजत नाही काही. बोलणाऱ्याचं मन कुठे टेकलंय ते सांगतो. प्रेम असेल, दया असेल, कधी दोन्ही. वेगळं काढता येत नाही."

"मेलेल्या माणसालाही लावता?"

"त्याला जास्तच."

तेवढ्यात जनीला खोकला आला. त्यांनी विचारलं, कोण खोकतंय? मी म्हणाले, एक मुलगी आहे आमच्याकडे.

"तुमच्याकडे आहे म्हणजे? पाहुणी आहे?"

मी पुढच्या परिच्छेदाचं विचारलं.

१७ जानेवारी

आज एक चांगली गोष्ट घडली.

थंडीत दही लागत नाही. काल तर लागलंच नाही, विरजण संपलं. शेजारच्या गुणाबाईंकडे नेहमी असतं. त्या आगरी आहेत, साठीच्या. त्यांचं गाव विमानतळात गेलं, त्याच्या बदल्यात इथे फ्लॅट घेतला. दार दिवसभर उघडं असतं. मला वाटलं, जनीला पाठवावं. आम्ही लहानपणी अशाच कामांनी शेजारीपाजारी ओळखीचे केले. हाताशी तिचीच वाटी होती, ती दिली. म्हटलं, "जा, गुणाबाईंकडे. म्हणावं, चमचाभर विरजण द्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आता?"

"आताच. हे काय समोरच तर दार."

तिने चपला घातल्या. खुंटीवरचा स्वेटर घेतला. चार पावलांवरच्या दारासाठी स्वेटर! मला गंमत वाटली. मी हात हलवला.

पाच-दहा मिनिटं झाली, ती आली नाही. डोकावले तर गुणाबाई मला हाताने थांबवत म्हणाल्या, "बसलंय गो. बसू दे." जनी त्यांच्या दिवाणाच्या कडेला बसली होती, स्वेटर घालून, मांडीवर वाटी. टीव्ही चालू होता. मी परत आले. बऱ्याच वेळाने न्यायला गेले तर वाटी रिकामीच होती. विरजण मागायचं विसरली. "चल," म्हटलं, तर तिने आधी गुणाबाईंकडे पाहिलं, मग उठली.

विश्वजीतला फोन करून सांगितलं. तो उलव्याला साइटवर होता, मागे मिक्सर फिरत होता. ओरडून सांगावं लागलं, "रमली! दुसऱ्याच्या घरी रमली!" तोही ओरडून म्हणाला, "छान!"

नंतर वाटलं, आपल्या घरी नाही, दुसऱ्याच्या घरी रमली. पण हा मत्सर झाला. खोडत नाही, राहू दे.

१८ जानेवारी

तिला तिकडे आवडतं, म्हणून आज पुन्हा पाठवलं. विरजणासाठीच. या वेळी ती दप्तर पाठीला लावून निघाली. विश्वजीत पेपर वाचत होता. "विरजण आणायला दप्तर?" मी म्हटलं, खेळायचं असेल तिकडे. दप्तरात बघितलं नाही.

थोड्या वेळाने गुणाबाईच आल्या, हसत.

"काय गो अनुया, तुमचं पोर मना इचारतं, मी निजू कुठं? मी म्हटलं, आता दुपारच्या पारी कशाला निजतंस बाय? तर बोलतं, आता नाय, राती."

मीही हसले. मग ते हसू थांबलं, का ते कळलं नाही.

आणायला गेले तेव्हा दप्तर नीट भिंतीला टेकवलेलं होतं. त्यात तिचे दोन फ्रॉक होते, घडी केलेले, आणि कंगवा.

२१ जानेवारी

तीन दिवस भाषांतरातच घातले. बाकी लिहिण्यासारखं नाही. जनी दाराजवळ बसते आता. खिडकी सोडली.

मालियाबाईंच्या गोष्टीतल्या म्हाताऱ्याची होडी फुटते. तो घरोघरी फळी मागत फिरतो. प्रत्येक दारात म्हणतो, 'सिना लाउपापा'. लाउपापा म्हणजे फळी. 'सिना' हे 'सि'च्याच घरातलं, थोडंसं, जरासं. पण चित्रात फळी त्याच्या उंचीची आहे.

"जराशी फळी म्हणतो आणि एवढी मोठी मागतो," मी मालियाबाईंना फोनवर म्हणाले. "मुलं हसतील."

"हसू देत. आमच्याकडे असंच मागतात. जरासं पाणी, जरासा वेळ, जरासं डुक्कर."

"डुक्कर?"

"लग्न असलं तर डुक्करही मागावं लागतं."

"म्हणजे मागणारा स्वतःला लहान करतो?"

"छे! मागणं लहान करतो. मग देणाऱ्याला नाही म्हणता येतं. फळी मोठीच आहे, हे दोघांनाही माहीत असतं. पण दार दोन्हीकडून उघडं राहतं."

फोन ठेवल्यावर आठवलं, आमच्याकडे देतानाही असंच करतात. घोटभर चहा घ्या. दोन घास खाऊन जा. पानभर वाढून दोन घास म्हणायचं.

जनीला मी दिवसभर विचारते, दूध हवं का, गोष्ट सांगू का, पांघरूण हवं का. ती हो म्हणते. प्रत्येक वेळी हो. तिला नाही म्हणता येतं का, हे मी कधी पाहिलंच नाही.

२३ जानेवारी

आज लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

संजना मॅडमनी चौकशीला फोन केला. मी उत्साहाने सांगितलं, आता शेजारी जाते, रमते, वाटी घेऊन विरजण आणायला जाते. त्यांनी मध्येच थांबवलं.

"कुठली वाटी?"

"तिचीच. नाव कोरलेली."

"स्वतःची वाटी देऊन दुसऱ्या घरी पाठवलंत?"

मी म्हटलं, हो, चमचाभर विरजण आणायला. मग त्यांनी सांगितलं. मूल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवतात तेव्हा त्याची ताटवाटी त्याच्याबरोबर देतात, नव्या जागी आपलं काहीतरी असावं म्हणून. चांगल्या मनानेच देतात. जनीची आई वीटभट्टीवर गेली, तेव्हा ती मावशीकडे आली. तिथून एका संस्थेत, तिथून या संस्थेत. दर वेळी कोणीतरी तिच्या हातात वाटी दिली आणि म्हणालं, जा.

स्वेटर. दप्तर. राती निजू कुठं.

त्या दिवशी मी हात हलवला होता.

विश्वजीत आला. त्याला सांगितलं. त्याने बूटही काढले नाहीत, जनीसमोर गुडघ्यांवर बसला. "जनी, आम्ही तुला कुठेही पाठवलं नव्हतं. शेजारी फक्त दही आणायला. कळलं? आम्ही तुला कधीच पाठवणार नाही."

"बरं," ती म्हणाली.

'हो' म्हणते त्याच आवाजात.

२४ जानेवारी

सकाळी मी तिची वाटी घेतली नाही, माझी घेतली. सासूबाईंचं नाव असलेली. दारात उभी राहून जनीला म्हटलं, "मी गुणाबाईंकडे जाते. विरजण आणते. परत येते."

ती उंबऱ्यात उभी राहून बघत राहिली. मी गेले, मागितलं, घेतलं, परत आले. वाटी तिला दाखवली. तिने आत वाकून पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा वाटीत.

दुपारी मीठ आणायला गेले. परत आले. संध्याकाळी हिंग.

गुणाबाई म्हणाल्या, "तुमच्या घरान काय पन नाय का गो?"

मी त्यांना सगळं सांगितलं. त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आनि मी हसली. पाप लागल गो मना." मग डबा उघडून म्हणाल्या, "आता हलद ने. नको असली तरी ने."

२६ जानेवारी

विश्वजीतला सुट्टी. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून वाटी घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेला आणि अनोळखी लोकांकडे चमचाभर कॉफी मागितली. आम्ही कॉफी पीत नाही. जनी जिन्याच्या कठड्यातून बघत होती. तो परत येईपर्यंत ती हलली नाही.

दुपारी त्याला पाचव्या मजल्यावर पाठवलं, जिऱ्यासाठी. जनीनेच वाटी आणून दिली. "आता तू जा," म्हणाली त्याला. तो गेला. ती दारात थांबली. त्याला उशीर झाला, कारण त्या घरच्या माणसाने त्याला बसवून विचारलं, "नोकरीचं सगळं ठीक आहे ना? काही लागलं तर संकोच करू नका." विश्वजीत परत आला तेव्हा ती म्हणाली, "किती वेल!"

रागावलेली होती. तो इतका खूश झाला की त्याला जिरं खाली ठेवायचंही सुचलं नाही.

२८ जानेवारी

गुणाबाईंच्या पुतण्याने शेतावर पोपटी लावली, आम्हाला बोलावलं. मडक्यात वालाच्या शेंगा, वर-खाली भांबुर्ड्याचा पाला, भोवती जाळ. संध्याकाळचं गार वारं आणि पाल्याचा उग्र वास. जनी पहिल्यांदाच आमच्यापासून लांब गेली, जाळाजवळ, जिथे काटक्या टाकत होते. तिला ते काम येत होतं. कुठली काटकी लवकर पेटेल ते ती पुतण्याला सांगत होती.

शेंगा सोलताना ती एकदम बोलायला लागली. गुणाबाईंशी, माझ्याशी नाही.

"माजं म्हातारं पन असं भाजायचं. कंद. डोंगरावरना आनायचं."

"कंचं म्हातारं गो?"

"आजी. ते मेलं. त्याला दात नवते. आमाला सोलून द्यायचं न् आपुन साल चाटत बसायचं."

ती हसत होती. तिचे दात मी पहिल्यांदाच नीट पाहिले.

म्हातारं. ते मेलं. त्याला दात नव्हते. मी शेंग हातात धरून बसले. मालियाबाई म्हणाल्या होत्या, मेलेल्याला जास्तच. कोशात शोधत होते, आणि ते इथे शेतात शेंगा सोलता सोलता बोललं जात होतं. गुणाबाई तर पहिल्या दिवसापासून बोलत होत्या. बसलंय, बोलतं, पोर. आपलं साधं नपुंसकलिंग.

घरी येऊन म्हाताऱ्याची सगळी वाक्यं बदलली. 'म्हातारं होडीपाशी आलं. होडी फुटली होती. म्हातारं तिच्याजवळ बसून राहिलं.' एकदा मोठ्याने वाचलं. आता कीव येत नाही. जवळ जाऊन बसावंसं वाटतं.

प्रकाशकाला आवडेल का, माहीत नाही. शाळांना चालेल का, तेही नाही.

२९ जानेवारी

जनीने आज तिची वाटी मांडणीवरून काढली. मी कणीक मळत होते. म्हणाली, "विरजन हाय?"

होतं. भरपूर होतं. मी म्हणाले, "नाही."

ती चपला न घालता गेली. समोरून तिचा आवाज आला, "उलीशी विरजन द्या, लवकर, मना परत जायचं हाय." उलीशी, म्हणजे जरासं. गुणाबाई काहीतरी म्हणाल्या, ती हसली. मी कणकेत हात तसेच ठेवून उभी होते. ती आली. वाटी ओट्यावर ठेवली आणि विमानं बघायला गेली.

कणीक सैल झाली होती. पोळ्या वाईट झाल्या. तिने खाल्ल्या.

३० जानेवारी

संजना मॅडम दुपारी आल्या. जनीला घेऊन आतल्या खोलीत बसल्या, दार लोटून. विश्वजीत साइटवरून लवकर आला होता. बुटांवर सिमेंट. आम्ही दोघं बाहेर बसलो. त्याने पाणी प्यायलं. मग मी प्याले. मग त्याने पुन्हा.

आतून काही ऐकू येत नव्हतं. एकदा जनीचा आवाज चढला, एवढंच. विश्वजीतने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

बाहेर आल्यावर संजना मॅडम खुर्चीत बसल्या. चष्मा पुसला.

"मी तिला विचारलं, इथं राहायचं का. मी म्हटलं, नाही म्हटलंस तरी कोणी रागावणार नाही. खरंच रागावणार नाही." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तर म्हणाली, राहीन. पण तो लय घोरतो, त्याला सांगा."

विश्वजीत म्हणाला, "मी?"

"आणि तुम्ही लिहिताना पाय हलवता, अनुयाताई. त्याने टेबल वाजतं म्हणे. तिला झोप लागत नाही. ते पण सांगायला सांगितलंय मला."

"अहवालात?" मी विचारलं.

"अहवालात राहीन एवढंच लिहीन."

त्या गेल्या. आदेश यायला वेळ लागेल, कागद अलिबागला जातील. विश्वजीत बराच वेळ गॅलरीत उभा होता. मग आत येऊन मोबाईलवर घोरण्यावरचे उपाय वाचत बसला. डाव्या कुशीवर झोपायचं असतं म्हणे.

मालियाबाईंना मेल केली. म्हातारं कसं सुटलं ते लिहिलं. शेवटी लिहिलं, त्या दिवशी खोकत होतं ते आमचं पोर.

जेवून लगेच झोपलं. पांघरूण लाथाडून दिलं आहे.

३१ जानेवारी

जनीने सकाळी पोहे खाल्ले नाहीत. ताट पुढे सरकवून "नको" म्हणाली. तांदळाची भाकरी पाहिजे म्हणाली, मोठी, आणि दोन. घरात पीठ नव्हतं. दुकान उघडलं नव्हतं, तरी विश्वजीत खाली जाऊन शटरसमोर उभा राहिला.